निरीक्षक येण्याआधीची साफसफाई

काल्डरफर्ड
शनिवार, १२ जानेवारी १९७४

ऑड्री,

मंडई पडणार. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील, बाबांनी नेहमीप्रमाणे गाऱ्हाण्याआधी दोन पानांची प्रस्तावना लावली.

काल लंडनच्या खात्याचं पत्र आलं. एक कागद, तीन परिच्छेद आणि खाली वाचता न येणारी सही. आपली मंडई संरक्षित इमारतींच्या यादीत घेण्याइतकी विशेष नाही, असा निर्णय. यादीत नाव नाही म्हणजे नगरपालिकेचे हात मोकळे. जुलैत हातोडे येतील. एकशेपाच वर्षं हे शहर जिथे आपलं जेवण विकत घेत आलं, तिथे मोटारी ठेवायला चार मजली सिमेंटचा डबा उभा राहील. मोटारींना ऊन लागू नये म्हणून! या देशात, ऊन!

पत्र मी गाळ्यावरच उभ्याने वाचलं. वीज सध्या आठवड्यातून मोजके दिवस मिळते, त्यामुळे दुपारी तीनलाच मंडईत अंधार होतो आणि आम्ही कंदील लावून धंदा करतो. शेजारच्या विनी शॅकल्टनने, उकडलेल्या वाटाण्यांवाल्या आपल्या विनीने (अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, अजून उभीच असते), कंदील वर धरला आणि म्हणाली, "मोठ्याने वाच रे राजा, चष्मा घरी राहिलाय." मी वाचलं. माझ्या आयुष्यात माझं वाचन संपल्यावर कुणीच टाळी वाजवली नाही, असं पहिल्यांदा झालं.

"विशेष नाही म्हणजे काय रे?" विनीने विचारलं.

"विशेष नाही म्हणजे तू आणि मी," कपबश्यांच्या गाळ्यावरून हेडली पिकल्स ओरडला. "आणि त्या सहीवाल्याच्या... " नाही, तो जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू त्याला ओळखतेस.

नोव्हेंबरात येऊन गेलेल्या त्यांच्या निरीक्षकाने कारणं दिली आहेत. लोखंडी खांब आणि काचेचं छत ओतशाळेच्या छापील यादीतून मागवलेलं आहे, तसली छतं उत्तरेत वीस ठिकाणी सापडतील. समोरची दगडी भिंत सामान्य. मग तिसरं कारण, ते शब्दशः उतरवतो: "ब्याण्णव मूळ लाकडी गाळे रांगांसह पूर्ण शिल्लक आहेत असं कळलं होतं. प्रत्यक्ष भेटीत ते आढळले नाहीत."

नोव्हेंबरात गाळ्यांची थोडी डागडुजी झाली होती. त्या गडबडीत काही लाकूडकाम गेलं. अशा गोष्टी होतात.

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे ते कामासाठी, हे लपवत नाही. शिकत असताना तू दोन उन्हाळे मंडईत शिडी लावून बसली होतीस. एकेका गाळ्याची मापं घेऊन चित्रं काढली होतीस, खांबांच्या कंगोऱ्यांपर्यंत. ती चित्रं मला हवी आहेत. फेरविचाराचा अर्ज करायचा आहे, आणि त्यात दाखवायचं आहे की आपल्याकडे काय होतं.

ऑक्टोबरअखेरचं तुझं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं.

चित्रं माझ्यासाठी पाठवू नकोस. ब्याण्णव गाळ्यांसाठी पाठव.

वॉल्टर हेलिवेल
अध्यक्ष, गाळेवाल्यांची संघटना


काल्डरफर्ड
रविवार, २७ जानेवारी १९७४

ऑड्री,

पोस्टकार्ड मिळालं. दोन ओळी. "चित्रं माझ्याकडे आहेत. माझं पत्र गाळे तोडण्याआधी मिळालं होतं की नंतर?"

मी डागडुजी म्हटलं होतं, तू तोडणं म्हणतेस. तुझाच शब्द घेऊ, तो खरा आहे. तोडले. ब्याण्णवच्या ब्याण्णव तोडले. पण का, ते आधी ऐक. आरोपीलाही बोलू देतात.

ऑक्टोबरात नगरपालिकेने घरोघरी एक पत्रक टाकलं. वर नव्या इमारतीचं रंगीत चित्र, त्यात झाडं, फुगे, हसणाऱ्या बायका. खाली आपल्या मंडईचा फोटो. शनिवारी संध्याकाळी, बाजार उठल्यावर, कचरा भरण्याआधी काढलेला. आणि त्याखाली तीन शब्द: घाणेरडी, कालबाह्य, रोगट. ऑड्री, घाणेरडी! माझा वजडीचा संगमरवरी ओटा मी दिवसातून चार वेळा उकळत्या पाण्याने धुतो. विनी तिचे कप सोड्याने घासते. आमच्या पोटावर मारलं असतं तर आम्ही संप केला असता. त्यांनी आमच्या उंबरठ्यावर मारलं.

तुझ्या आईला आठव. डॉक्टर येणार असले की ती आधी रस्त्यावर गुडघे टेकून उंबरठा पिवळ्या दगडाने घासायची. आजारी तीच असायची! अंगात ताप, हातात बादली. "परका माणूस आपल्या दारात पाय ठेवणार, त्याने आधी आपली पायरी बघावी," म्हणायची. त्या गल्लीत सगळ्याच बायका तशा होत्या. आम्ही सगळे त्याच पायऱ्यांवर वाढलो.

आणि आता लंडनहून परका माणूस येणार होता.

मंगळवारी, तीस ऑक्टोबरला, मी विनीच्या वाटाण्यांच्या पेटीवर उभा राहिलो. "मित्रहो," मी म्हणालो, "तो माणूस आत येईल तेव्हा त्याला काय दिसावं? शंभर वर्षांचं काजळ? आपल्या आजोबांच्या हाताचे डाग? नगरपालिकेच्या पत्रकातलं चित्र त्याने आपल्या डोळ्यांनी खरं करून जावं? आपण गरीब असू. आपण म्हातारे असू. पण आपण गलिच्छ नाही!" छतातली कबुतरं उडाली इतक्या टाळ्या पडल्या.

हेडली तेवढा डोकं खाजवत होता. "पुढारी, भाषण झकास. पण माझ्या गाळ्याचं लाकूड बिस्किटासारखं झालंय. घासायला गेलो तर हातात येईल."

"मग येऊ दे हातात," मी म्हणालो. "नवं लावू."

हे दोन शब्द माझे. ते पत्रकात नव्हते आणि ते मला कुणी शिकवले नव्हते.

शनिवारी बाजार उठला तसं सुरू केलं, रविवारी प्रार्थना बुडवून संपवलं. कुणाच्या मेव्हण्याच्या वखारीतून पांढऱ्या फॉर्मायकाचे तक्ते आले. जुने नक्षीचे खांब, कमानी, ज्याच्या त्याच्या धंद्याचं चिन्ह कोरलेल्या वरच्या फळ्या, सगळं पहारीने उचकटलं. लोखंडी खांबांना पिवळसर रंग दिला, त्यांच्या माथ्यावरच्या ओतीव कणसांच्या झुपक्यांनाही, त्यामुळे आता ती कणसं आहेत की केळी ते कळत नाही. सोमवारी सकाळी दिवे लागले तेव्हा मंडई इस्पितळासारखी दिसत होती. बायका रडल्या. आनंदाने, ऑड्री.

आणि तो सोमवार पाच नोव्हेंबरचा होता, गल्लोगल्ली होळी पेटवून पुतळा जाळायचा. त्या दिवशी या शहरात लाकूड मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. मागच्या आवारात ढीग पडला होता, गल्ल्यागल्ल्यांतून हातगाड्या आल्या आणि घेऊन गेल्या. रॅमशॉ गल्लीची होळी इतकी उंच कधीच झाली नव्हती. शंभर वर्षं वाळलेलं, राळेने भरलेलं लाकूड. ठिणग्या मिन्स्टर चर्चच्या मनोऱ्याएवढ्या वर जात होत्या. विनीने सगळ्यांना वाटाणे फुकट वाढले. मी पुढेच उभा होतो. मासा जळताना पाहिला, बैलाचं मुंडकं जळताना पाहिलं, बेकरीवाल्यांची गव्हाची पेंढी उलगडत जावी तशी जळली. पुतळ्याआधी त्या फळ्याच गेल्या. शेजारी कुणीतरी म्हणालं, "काय झळाळून पेटलंय!" मी म्हणालो, "हो ना."

वीस तारखेला निरीक्षक आला. बारीक माणूस, ओला कोट. दारात टोपी काढली. पहिल्या रांगेकडे पाहिलं, दुसऱ्या रांगेकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. विनीने त्याला व्हिनेगर घालून वाटाणे दिले.

"गाळे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"हे काय साहेब, तुमच्या समोर. ताटासारखे लख्ख!"

त्याने वाटाणे संपवले. एकही टाकला नाही, सभ्य माणूस. मग कागद घडी करून खिशात ठेवला, विनीचे आभार मानले आणि छताकडे न पाहताच गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो. हेडलीने तर तीन बश्या एकदम हवेत उडवल्या आणि तिन्ही झेलल्या.

खात्याचं पत्र आल्यापासून आम्ही जळलं नाही ते शोधत फिरतो आहोत. रेल्वेपलीकडच्या भाजीच्या वाफ्यांवर काही फळ्या गेल्या होत्या. एका खुराड्याच्या दाराला मासळीवाल्यांचा दुसरा एक कोरीव मासा सापडला. म्हातारा म्हणाला, "नेऊ देणार नाही. हे दार लावल्यापासून कोंबड्या अंडी घालायला लागल्यात. मंडईला काय, ती अंडी घालत नाही." हेडलीने त्याला सहा बश्या देऊन दार सोडवलं. आतापर्यंत चार फळ्या. ब्याण्णव गाळ्यांच्या चार फळ्या.

चित्रांवाचून अर्ज लंगडा आहे. पाठव. प्रश्नांची उत्तरं नंतर.

वॉल्टर हेलिवेल


काल्डरफर्ड
रविवार, १७ फेब्रुवारी १९७४

प्रिय ऑड्री,

गुंडाळी पोचली. ब्याण्णव चित्रं, आणि सोबत एक शब्द नाही. तू अट घातली होतीस आणि अट पुरी होण्याआधीच पाठवलीस. मला तू नकार दिला असतास तर सोपं गेलं असतं. मी उत्तम भांडलो असतो.

काल बाजार उठल्यावर माझा ओटा पुसून त्यावर एकेक चित्र पसरलं. सगळे जमले. आधी थट्टा चालली होती. मग लोक आपापले गाळे शोधायला लागले आणि आवाज खाली गेला. तू नुसती मापं घेतली नव्हतीस. हेडलीच्या गाळ्याच्या खांबावर त्याच्या बापाने दर वर्षी पोरांची उंची कोरून ठेवली होती, त्या खाचा तू काढल्यास. विनीच्या चित्रात उजव्या खांबाला खिळा आहे आणि खिळ्याला तिचा कप. विनीने कागदावर बोट ठेवलं. "हा खिळा माझ्या आईने मारला होता," ती म्हणाली. "पोरीने खिळासुद्धा सोडला नाही." मग माझ्याकडे वळून, "काय हात आहे रे तुझ्या पोरीचा!"

तिला आठवत नसेल. मला आठवतं. तुलाही आठवतं.

टाउन हॉल, मार्च अडुसष्ट. जुना मासळीबाजार पाडून तिथे दुकानांची रांग बांधायची योजना, आणि ती ज्या कचेरीत आखली जात होती तिथे तू पहिल्या नोकरीवर. तू चोवीस वर्षांची होतीस, आणि रेषा ओढायला सांगितल्या तिथे ओढत होतीस. मला हे त्या दिवशीही माहीत होतं. आणि मी व्यासपीठावर उभा राहून म्हणालो, "हा नकाशा ज्या हाताने काढला त्या हाताला पेन्सिल मी धरायला शिकवली. आज मला त्या हाताची लाज वाटते." सभागृह उठून उभं राहिलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस, आणि तू पण उठलीस, पण टाळ्यांसाठी नाही. मी पुढे वीस मिनिटं बोललो. मासळीबाजार तरीही पडला. नंतर कळलं की तू ती नोकरी महिन्याभरात सोडलीस आणि लंडनला जुन्या इमारती मोजायच्या कामाला लागलीस. तेव्हा तरी लिहायला हवं होतं. आईच्या अंत्यविधीला तू मागे उभी राहून गेलीस, तेव्हा तरी वळायला हवं होतं.

तर तुझा प्रश्न.

तुझं पत्र मला गुरुवारी मिळालं. एक नोव्हेंबरला, सकाळच्या टपालाने. भाषण मंगळवारी झालं होतं. पहार शनिवारी लागली. मधे पुरे दोन दिवस होते.

मी ते गाळ्याच्या मागे उभा राहून वाचलं आणि दोनदा वाचलं. पाठ आहे: "बाबा, निरीक्षक येणार असं कचेरीत कळलं. छत आणि खांब त्याला थांबवणार नाहीत, गाळे थांबवतील. असे पूर्ण गाळे आता कुठेच उरलेले नाहीत. कशालाही हात लावू देऊ नका. धूळसुद्धा पुसू नका. ऑड्री." मी ते एप्रनच्या खिशात ठेवलं. तीन दिवस ते माझ्या मांडीला लागत होतं.

का दाखवलं नाही? मी गेले तीन महिने स्वतःला निरनिराळी उत्तरं देतो आहे आणि सगळी उत्तम वाक्यात आहेत. खरं उत्तर वाईट आहे. त्याच पेटीवर पुन्हा चढून मला म्हणावं लागलं असतं, "थांबा, मी चुकलो, घाण तशीच राहू द्या, माझी मुलगी सांगते आहे." शंभर माणसं माझ्या शब्दावर बाह्या सरसावून बसली होती. आणि मुलगी तीच, जिच्या हाताची मला लाज वाटते असं मी साऱ्या शहरासमोर सांगून टाळ्या घेतल्या होत्या. धूळ पुसू नका! मला वाटलं, लंडनला राहून हिला आता आमची धूळ गोड लागायला लागली. मला खात्री होती, ऑड्री. मला कायम खात्री असते.

आणखी एक आहे. शनिवारी दुपारी, अजून एकही फळी निघाली नव्हती तेव्हा, विनी फडकं घेऊन माझ्याकडे आली. "काय रे राजा, ऑड्रीला विचारलंस का? तिचं हेच काम ना? तिचं काही आलं का?"

मी म्हणालो, "नाही. तिचं काही आलं नाही."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बाबा


काल्डरफर्ड
रविवार, २४ मार्च १९७४

प्रिय ऑड्री,

तू लिहिलंस, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." एवढंच. तुझ्या पत्रांत कधीच एक शब्द जास्त नसतो. हे तू आईकडून घेतलंस.

सांगितलं. काल, बाजार उठल्यावर. अर्ज गेला, तुझी चित्रं गेली, चार फळ्यांचे फोटो गेले, आणि आता अर्जाचं काय होतं ते कळायच्या आत मला हे उरकायचं होतं. निकाल चांगला आला असता तर मी बोललोच नसतो, हे मला माहीत आहे.

पेटीवर चढलो नाही. ओट्याच्या या बाजूला उभा राहिलो. "एक नोव्हेंबरला मला ऑड्रीचं पत्र आलं होतं. गाळ्यांना हात लावू नका, असं त्यात लिहिलं होतं. मी ते तुम्हाला दाखवलं नाही." झालं. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

छतातून थेंब पडत होते, नव्या फॉर्मायकावर टप टप आवाज होतो. लाकडावर व्हायचा नाही. मग हेडली म्हणाला, "पुढारी, तू असं थोडक्यात बोलायला पन्नास वर्षं उशीर केलास." कुणी हसलं नाही. तोही हसला नाही. पहिल्या रांगेतला चीजवाला माझ्या अंगावर आला, दोघांनी त्याला धरलं. मला वाटलं, सोडा त्याला.

विनी स्टुलावर बसली होती. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"फडकं घेऊन तुझ्यासमोर उभी होते. तू म्हणालास, काही आलं नाही."

"हो."

"मला त्या खिळ्यापाशी थोडं थांबायचं होतं. म्हटलं, हा खांब तेवढा ठेवू का. मग म्हटलं, वॉल्टरला जास्त कळतं." ती उठली, कप गोळा केले. "मी तो माझ्या हाताने उपटला."

मी अध्यक्षपद सोडलं. म्हणजे, सोडतो म्हणालो तेव्हा त्यांनी आधीच हेडलीला निवडलं होतं. माझा गाळा चालू आहे. लोक वजडी घ्यायला येतात, तोलून घेतात, जातात. विनी शेजारीच असते. पण ती आता मला राजा म्हणत नाही. मिस्टर हेलिवेल म्हणते. बेचाळीस वर्षं तिच्या शेजारी धंदा केला. माझं आडनाव तिला येतं हे मला माहीत नव्हतं.

बाबा


काल्डरफर्ड
रविवार, ३० जून १९७४

प्रिय ऑड्री,

मेमधला नकार तुला हेडलीने कळवलाच आहे. खात्याने चित्रांची स्तुती केली. "असाधारण" हा शब्द वापरला. जे होतं ते असाधारण होतं, जे आहे ते नाही, आणि यादी आहे त्याची असते. माणूस बरोबर आहे. मी त्याच्याविरुद्ध एकही वाक्य रचू शकलो नाही.

काल शेवटचा बाजार झाला. गर्दी उसळली होती. वर्षानुवर्षं इकडे न फिरकलेली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन आली आणि छताकडे बोट दाखवत राहिली. सकाळी साडेदहालाच माझी वजडी संपली. पाच वाजता घंटा झाली आणि कुणी हललं नाही. पुन्हा वाजवावी लागली. मग लोक आठवण म्हणून काहीबाही न्यायला लागले. नंबराच्या पाट्या, काचेचे तुकडे, घड्याळाची साखळी. एकाने नळ काढून नेला. पांढरा फॉर्मायका कुणी नेला नाही.

विनीने तिची कढई हातगाडीवर ठेवली. मी धरायला गेलो. "राहू द्या, मिस्टर हेलिवेल, जमतं मला," ती म्हणाली. जमलं नाही. हेडली धावत आला आणि दोघं दारातून गेली. मी ओटा धुतला, कशासाठी ते विचारू नकोस, आणि दिव्याचं बटण मीच बंद केलं.

आता तुझ्या कागदांबद्दल. पाडण्याआधी इमारतीची नोंद करून ती शहराच्या ग्रंथालयात ठेवायचं काम तुझ्याकडे आलं हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिणार नाही, मी ते भाषणासारखं लिहीन. धंद्यांची आणि माणसांची नावं तपासायला मसुदा पाठवलास. तपासली. चौदा नंबरचा गाळा मेणबत्त्यांचा होता, साबणाचा नव्हे. सत्तावन्न नंबरच्या बाईंचं नाव अॅगनेस क्लेग, तू ग्लेग लिहिलंस. छताच्या कंदिलासारख्या घुमटाचं वर्णन वाचून मी तो पहिल्यांदा पाहिला. त्याखाली मी बेचाळीस वर्षं उभा होतो.

नवव्या पानावर तू लिहिलं आहेस: "गाळ्यांचं मूळ लाकडी काम नोव्हेंबर १९७३ मध्ये काढून टाकण्यात आलं. कारण अज्ञात."

तुला कारण माहीत आहे. ते लिहिताना तुझा हात थांबला असणार, आणि मग तू मला झाकलंस. सहा वर्षांपूर्वी तुझ्यावर सगळ्या शहराचे डोळे होते तेव्हा मी तुला झाकलं नाही, उलट दिवा वर धरला. त्यामुळे तुझी ही माया मला घेता येत नाही. शिवाय हा कागद शंभर वर्षं राहणार. कुणीतरी तो उघडेल आणि विचारेल, या लोकांना स्वतःच्या मंडईची किंमत नव्हती का? होती, ऑड्री. शंभर माणसांनी रविवारी गुडघे टेकून ती पुसली. त्यांना अज्ञातात ढकलू नकोस. त्यांना फसवणाऱ्याचं नाव आहे.

म्हणून ते वाक्य खोड आणि हे घाल, मी चार वेळा लिहून कमी केलं आहे: "गाळ्यांचं मूळ लाकडी काम ३ आणि ४ नोव्हेंबर १९७३ रोजी गाळेवाल्यांनी निरीक्षकाच्या स्वागतासाठी, स्वच्छतेच्या हेतूने काढलं. ते काढू नये असा लेखी सल्ला एक नोव्हेंबरला मिळाला होता. संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर हेलिवेल यांनी तो दडवून ठेवला."

सल्ला कुणाचा, तेही लिही. नाव, तारीख, सगळं. तू लिहायला कचरशील, म्हणशील नोंद करणाऱ्याने स्वतःचं नाव मधे आणू नये. आण.

पहिल्या पानावर तुझं नाव आहे, नवव्या पानावर माझं येईल, आणि आडनाव एकच. वाचणाऱ्याला वाटेल, यांचं काही नातं असावं.

वाटू दे.

बाबा